मॉडेम सारखा बंद-चालू होतोय? गैरसमज आणि वस्तुस्थिती

फायबरचा मॉडेम आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला की मुलांचा अभ्यास, ऑफिसची मीटिंग सगळंच अडतं. मग कोणी रीसेटचं बटण दाबतं, कोणी थेट नवा मॉडेम आणतं. खरं तर आधी त्याचे दिवे नीट पाहायला हवेत.

गैरसमज : नेट गेलं, म्हणजे मॉडेम रीस्टार्ट झाला.
वस्तुस्थिती : हे दोन वेगळे बिघाड आहेत. सगळे दिवे विझून पुन्हा लागले आणि मधल्या वेळात फोनवरून वायफायचं नावही गेलं, तर मॉडेम रीस्टार्ट झाला. पॉवरचा दिवा स्थिर असून ‘एलओएस’चा दिवा लाल झाला, तर फायबरमधून पुरेसा प्रकाश पोचत नाही, केबल कुठेतरी दुमडली, तुटली किंवा सैल झाली असावी.

गैरसमज : मॉडेम बंद पडतो, कारण कंपनीची लाइन खराब आहे.
वस्तुस्थिती : फायबरमधून प्रकाश येतो, वीज नाही. त्यामुळे केबल तुटली तरी मॉडेमचा वीजपुरवठा तुटत नाही. कंपनी सॉफ्टवेअर अपडेटसाठी दुरून मॉडेम रीस्टार्ट करू शकते, पण ते क्वचित होतं. दिवसातून अनेकदा मॉडेम रीस्टार्ट होत असेल, तर आधी घरातला वीजपुरवठा तपासा.

गैरसमज : दिवा लागतोय, म्हणजे अडॅप्टर ठीक आहे.
वस्तुस्थिती : अडॅप्टर घरातल्या २३० व्होल्टचे बहुधा १२ व्होल्ट डीसी करतो. सतत तापून त्यातले कपॅसिटर काही वर्षांत कमजोर होतात. अशा अडॅप्टरवर दिवा लागतो, पण वापर वाढला की व्होल्टेज खाली येतं आणि मॉडेम रीस्टार्ट होतो. शक्य असेल तर योग्य दुसरा अडॅप्टर लावून पाहा.

गैरसमज : पिन बसली की कुठलाही अडॅप्टर चालतो.
वस्तुस्थिती : व्होल्ट तेवढेच हवेत आणि पिनवरच्या प्लस-मायनसची खूणही जुळायला हवी. अँपिअर मात्र तेवढे किंवा जास्त चालतात, कारण मॉडेम गरजेपुरताच करंट घेतो. कमी अँपिअरचा लावलात, तर तक्रार तशीच राहील.

गैरसमज : इन्व्हर्टर आहे, म्हणजे विजेचा प्रश्नच नाही.
वस्तुस्थिती : वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर येईपर्यंत क्षणभर खंड पडतो, आणि कमजोर अडॅप्टरला तेवढाही पेलत नाही. इन्व्हर्टरला ‘यूपीएस मोड’ असेल तर तो लावा, नाहीतर राउटरसाठीचा छोटा यूपीएस घ्या. सैल मल्टीप्लगही बदला.

गैरसमज : रीसेट केलं की सगळं ठीक होतं.
वस्तुस्थिती : रीसेटने वायफायचं नाव, पासवर्ड आणि अनेकदा कंपनीने भरलेली लॉगिनची माहितीही पुसली जाते. मग असलेलं नेटही बंद पडतं. नुसतं बंद-चालू करायचं असेल, तर पॉवरचं बटण वापरा.

मॉडेम टीव्हीमागे किंवा बंद कपाटात कोंडलेला असेल, तर मोकळ्या हवेत ठेवा. अति उष्णतेनेही तो रीस्टार्ट होतो. अडॅप्टर उघडू नका आणि सुटलेल्या फायबरच्या टोकात डोळा लावून पाहू नका. एवढं करूनही त्रास थांबला नाही, तर कुठला दिवा कधी विझला हे लिहून ठेवा आणि तेच तंत्रज्ञाला सांगा. नेमकी तक्रार सांगितलीत, तर नेमकी दुरुस्ती मिळेल.