माइट्नर, लीझे

(७ नोव्हेंबर १८७८–२७ ऑक्टोबर १९६८). ऑस्ट्रियन-स्वीडिश भौतिकीविज्ञ. युरेनियमाच्या अणुकेंद्राचे भंजन (फुटण्याची क्रिया) कसे घडते याचे पहिले भौतिकीय स्पष्टीकरण त्यांनी ओटो फ्रिश यांच्यासमवेत दिले.

त्यांचा जन्म व्हिएन्ना येथे एका ज्यू कुटुंबात झाला. वडील वकील होते. त्या काळी ऑस्ट्रियात मुलींना माध्यमिक शाळांतून विद्यापीठाच्या प्रवेशापर्यंत शिकण्याची सोय नसल्याने त्यांनी खाजगी रीतीने अभ्यास करून प्रवेशपरीक्षा दिली. १९०१ मध्ये त्या व्हिएन्ना विद्यापीठात दाखल झाल्या. तेथे लूटव्हिख बोल्ट्समान यांच्या अध्यापनाचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. १९०६ मध्ये त्यांनी भौतिकीची डॉक्टरेट पदवी मिळविली.

१९०७ मध्ये माक्स प्लांक यांची व्याख्याने ऐकण्यासाठी त्या बर्लिनला गेल्या. तेथे रसायनशास्त्रज्ञ ओटो हान यांच्याबरोबर त्यांचे सु. तीस वर्षांचे सहकार्य सुरू झाले. विद्यापीठाच्या रसायनशास्त्र संस्थेत स्त्रियांना प्रवेश नव्हता. त्यामुळे प्रारंभी तळघरातील, पूर्वी सुतारकामासाठी वापरात असलेल्या खोलीत त्यांना विनावेतन काम करावे लागले. १९१२ नंतर दोघांचे संशोधन बर्लिन-डालेम येथील कैसर व्हिल्हेल्म रसायनशास्त्र संस्थेत चालू राहिले. पहिल्या महायुद्धात माइट्नर यांनी ऑस्ट्रियन सैन्याच्या रुग्णालयांत क्ष-किरण परिचारिका म्हणून सेवा केली. १९१८ मध्ये हान व माइट्नर यांनी प्रोटॅक्टिनियम (अणुक्रमांक ९१) या मूलद्रव्याचा दीर्घायुषी समस्थानिक शोधून काढला. १९२६ मध्ये त्या बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. जर्मनीत भौतिकीचे प्राध्यापकपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. अणूतून प्रारणाऐवजी इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याच्या ज्या आविष्काराला प्येअर ओझे यांचे नाव मिळाले, त्याचे वर्णन माइट्नर यांनी १९२२ मध्येच केले होते.

१९३३ मध्ये नाझी राजवटीने त्यांचा अध्यापनाचा परवाना रद्द केला; तथापि ऑस्ट्रियन नागरिकत्वामुळे त्यांचे संशोधन चालू राहू शकले. युरेनियमावर न्यूट्रॉनांचा मारा केल्यास त्याहून जड मूलद्रव्ये तयार होतात, अशी तेव्हा समजूत होती. एन्रीको फेर्मी यांनी १९३४ मध्ये सुरू केलेल्या या प्रयोगांचा पाठपुरावा माइट्नर, हान व फ्रिट्स श्ट्रासमान यांनी केला. मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि हे संरक्षणही संपले. जुलै १९३८ मध्ये माइट्नर गुप्तपणे नेदर्लंड्समध्ये व तेथून पुढे स्वीडनला गेल्या. स्टॉकहोम येथे त्यांना जागा मिळाली. परंतु पुरेसे साहाय्य व साधने मिळाली नाहीत.

डिसेंबर १९३८ मध्ये हान यांनी त्यांना पत्राने कळविले, की युरेनियमापासून मिळणारा जो पदार्थ रेडियम असावा असे वाटत होते, तो रासायनिक दृष्ट्या बेरियमासारखाच वागतो. बेरियमाचा अणुक्रमांक ५६, तर युरेनियमाचा ९२ आहे. एवढे मोठे अंतर नेहमीच्या किरणोत्सर्गी ऱ्हासाने पडणे अशक्य होते. नाताळच्या सुट्टीत कुंगेल्व्ह येथे माइट्नर व त्यांचे भाचे फ्रिश यांनी या कोड्याचा विचार केला. नील्स बोर यांनी अणुकेंद्राला द्रवाच्या थेंबाची उपमा दिली होती. युरेनियमाच्या केंद्रातील मोठा विद्युत् भार थेंबाच्या पृष्ठताणाचा परिणाम जवळजवळ नाहीसा करतो. म्हणून एका न्यूट्रॉनाच्या आघातानेही असा थेंब लांबट होऊन मध्ये आवळला जाईल व त्याचे दोन भाग होतील, असे त्यांनी दाखविले. परस्परांना दूर लोटणाऱ्या या भागांची ऊर्जा सु. २० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट येत होती. या भागांचे एकूण द्रव्यमान मूळ केंद्रापेक्षा प्रोटॉनाच्या द्रव्यमानाच्या सु. एक-पंचमांशाने कमी भरते, असे माइट्नर यांनी काढले. आइन्स्टाइन यांच्या समीकरणानुसार या घटीपासून मिळणारी ऊर्जा नेमकी तेवढीच होती.

हान व श्ट्रासमान यांचा निबंध जानेवारी १९३९ मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झाला. निर्वासित ज्यू संशोधिकेचे नाव त्यावर घालणे तेथे शक्य नव्हते. माइट्नर व फ्रिश यांचा निबंध फेब्रुवारीत ‘नेचर’ या नियतकालिकात आला. एकाच शोधाची रासायनिक व भौतिकीय बाजू अशा रीतीने दोन देशांत विभागली गेली. १९४४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक एकट्या हान यांना मिळाले. नोबेल समितीची कागदपत्रे पुढे खुली झाल्यावर, या शोधातील भौतिकीचा वाटा समितीने नीट तोलला नाही, असा निष्कर्ष काही इतिहासकारांनी काढला.

अणुबाँबच्या निर्मितीत भाग घेण्याचे निमंत्रण माइट्नर यांनी नाकारले होते. १९६६ मध्ये हान व श्ट्रासमान यांच्यासमवेत त्यांना अमेरिकेचे एन्रीको फेर्मी पारितोषिक मिळाले. १९६० पासून त्या इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे राहत होत्या व तेथेच त्या मृत्यू पावल्या. अणुक्रमांक १०९ असलेल्या मूलद्रव्याला १९९७ मध्ये त्यांच्या गौरवार्थ ‘माइट्नेरियम’ हे नाव अधिकृतपणे देण्यात आले.