दादाभाई नौरोजी रस्ता : मान वर करून चाला

क्रॉफर्ड मार्केटपासून हुतात्मा चौकापर्यंतचा हा रस्ता जुन्यांच्या तोंडी अजून ‘हॉर्नबी रोड’च आहे. १८६०च्या दशकात फोर्टची तटबंदी पाडली गेली आणि इथे रुंद रस्त्याला जागा झाली.

सीएसएमटी स्थानक (बांधकामाची सुरुवात १८७८) आणि समोरची महापालिकेची इमारत (१८९३) या दोन्ही एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या. स्थानकाच्या फाटकावर एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ : एक ब्रिटनचा, एक भारताचा. लोकल पकडायच्या घाईतही ते एकदा पाहाच.

पण या रस्त्याचं खरं वैभव एकट्या इमारतीत नाही, ते सलग कमानींच्या पदपथात आहे. १८९६च्या नियमानुसार इथल्या इमारतींना तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी छत असलेली वाट सोडणं बंधनकारक झालं. वरची शैली प्रत्येकाची वेगळी, कुठे गॉथिक, कुठे नवअभिजात. खालची सावली मात्र सगळ्यांची. भर पावसातही इथून बरंच अंतर कोरडं चालता येतं. नगररचनेतला इतका माणुसकीचा नियम मुंबईत क्वचितच सापडेल.

वाटेत १८८१ची वाच्छा अग्यारी लागते. दाराशी पंख असलेले, माणसाच्या तोंडाचे बैल प्राचीन इराणची आठवण देतात.

टोकाला फ्लोरा फाउंटन (१८६४), जवळच दादाभाईंचा पुतळा, आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण दिलेल्यांचं हुतात्मा स्मारक. तिथे क्षणभर थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये.