जोडीने येणाऱ्या खुणा

तुम्हांला आता अक्षरे लागली. जोडाक्षरेही जमू लागली. पण कागदावर अक्षरांखेरीज लहानसहान खुणाही असतात. त्यांतल्या काही जोडीने येतात. त्या ओळखता आल्या नाहीत, तर कधी कधी पदराला खार लागतो. म्हणून आम्ही त्यांची ओळख करून देतो.

पहिली जोडी तुमच्या पाहण्यातली आहे. हरिपाठाचे पुस्तक उघडा. ओळीच्या शेवटी ॥ अशा दोन उभ्या रेघा दिसतील. हे दोन दंड. ‘चरण संपला, इथे थांबा,’ असे ते सांगतात. मध्ये आकडा असला, जसे ॥३॥, तर तिसरे कडवे संपले असे समजावे.

दुसरी जोडी आपल्याकडे मागाहून आली. जुन्या मोडी कागदांत शब्दसुद्धा सलग लिहीत. स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह अशा खुणा इंग्रजीवरून आल्या. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडी या साहेबांनी त्या मराठीत रूढ केल्या. त्यांतलेच हे अवतरणचिन्ह. पाहा :

सरपंच म्हणाले, “विहिरीचे काम सोमवारी सुरू होईल.”

बोलण्याच्या आधी दोन लहान रेघा, नंतरही दोन. मधले शब्द खुद्द सरपंचांचे. लिहिणाऱ्याने त्यांत पदरचे काही घालायचे नाही.

आता तिसरी जोडी. हिच्याकडे नीट लक्ष द्या. समजा, मजुरीच्या हजेरीपत्रकात असे लिहिले आहे :

दामू — ६ दिवस
सखू —   ”

सखूपुढे आकडा नाही, नुसत्या दोन रेघा. कुणाला वाटेल, जागा रिकामीच आहे. तसं नाही बरं का! त्यांचा अर्थ ‘वरीलप्रमाणे’. म्हणजे सखूचेही ६ दिवसच. सखू ७ दिवस राबली असेल, तर तिची एका दिवसाची मजुरी बुडाली. आणि खाली तिनेच सही केली, तर मग तक्रार कोण ऐकणार?

दुसरी आणि तिसरी जोडी दिसायला सारखीच. मग ओळखायची कशी? जागेवरून. बोलण्याच्या दोन्ही बाजूंना असली, तर ते कुणाचे तरी शब्द. यादीत आकड्याखाली किंवा नावाखाली एकटीच असली, तर ‘वरीलप्रमाणे’.

तेव्हा सही करण्याआधी त्या दोन रेघांवर बोट ठेवा. बोट सरळ वर न्या. वर जे लिहिले असेल, ते आपल्याला लागू आहे का, ते पाहा. नसेल, तर आपला आकडा वेगळा लिहून घ्या. मगच सही करा.