माऊस बाजूला ठेवून पाहा

मला दिसत नाही, पण वर्तमानपत्र मी रोज वाचतो. म्हणजे संगणकाकडून वाचून घेतो. 'स्क्रीन रीडर' हे सॉफ्टवेअर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतं. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेलं 'एनव्हीडीए' तर मोफत मिळतं. मग अडतं कुठं?

अडतं ते संकेतस्थळाच्या बांधणीत. चित्राला शब्दांत वर्णन जोडलेलं नसेल, तर मला नुसतं 'ग्राफिक' एवढंच ऐकू येतं. अर्जातल्या रकान्याला नाव जोडलेलं नसेल, तर तिथं जन्मतारीख लिहायची की पिनकोड, हे कळत नाही. मी सगळं काम कीबोर्डवर करतो. 'पाठवा'चं बटण फक्त माऊसनंच दाबता येत असेल, तर भरलेला अर्ज तिथंच राहतो. चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखायला सांगितली, की शेजाऱ्याला हाक मारावी लागते. काम बँकेचं असेल, तर माझी शिल्लकही त्याला दिसते.

यावरचे उपाय नवे नाहीत. 'वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम'नं १९९९ मध्येच त्यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी तर सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला.

इमारत उभी राहिल्यावर उतार बसवणं जड जातं. आराखड्यातच तो असला तर सोपं. इथंही तसंच आहे.

तुमच्या संस्थेचं संकेतस्थळ असेल, तर माऊस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब व एंटर या कळांनी ते वापरून पाहा. तुम्ही जिथं अडाल, तिथं आम्ही रोज अडतो.