काजूची बोंडे, संशोधनाचा पैसा आणि शंभर पानी वही

मार्च-एप्रिलात मालवण, वेंगुर्ल्याकडच्या काजूच्या बागेतून फिरलात, तर पायाखाली बोंडांचा चिखल झालेला दिसतो. बी पिरगळून घेतली, बोंड तिथेच टाकले. वजन केले तर बीच्या सहा-आठ पट भरेल असा हा माल आपण दरवर्षी कुजायला सोडतो. रस तुरट, घसा धरणारा. शिवाय फळ दिवसभरात आंबू लागते, म्हणून व्यापारी हात लावत नाही. शेजारच्या गोव्यात त्याची फेणी होते आणि २००९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. आपल्याकडे वाडीवर विचारा, उत्तर ठरलेले, "त्या बोंडांचा करूचा तरी काय?"

पण तुमच्यापैकी कुणी तरी काही करून पाहिलेले असणारच. कुणी रसात भाताची पेज घालून तुरटपणा खाली बसवला असेल, कुणी बोंडे ओल्या किलतानाखाली ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत टिकवली असतील. अशा 'करून पाहण्या'साठीसुद्धा सरकारी पैसा आहे आणि तो परत फेडायचा नसतो, हे मात्र फारच थोड्या बागायतदारांना ठाऊक आहे.

अनुदान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जिल्हा उद्योग केंद्र येते. १९७८ पासून ही केंद्रे देशभर आहेत. २००८ साली आलेल्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागासाठी प्रकल्पखर्चाच्या २५ ते ३५ टक्के अनुदान ठेवले गेले. पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेले. गिरण घालायची, काजू फोडणी चालवायची, तर हा रस्ता योग्य, कारण त्या धंद्याचा नफा-तोटा बँकेला आधीच माहीत असतो. जे अजून कुणी केलेच नाही त्याला बँक कर्ज देत नाही. माझे मत विचाराल तर देऊही नये. प्रयोग फसला तर हप्ता भरायला घर गहाण पडेल.

अशा कामासाठी दुसरी खिडकी आहे. राष्ट्रीय कृषी विकास योजनेत २०१८-१९ पासून शेतीतल्या नव्या उद्योगांसाठी वेगळा भाग सुरू झाला. नुसती कल्पना असेल तर पाच लाखांपर्यंत आणि पुढे उभारणीसाठी पंचवीस लाखांपर्यंत अनुदान, अशी त्याची मर्यादा ठेवली गेली. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची 'बायरॅक' ही संस्था २०१२ साली निघाली. तिच्या 'बिग' योजनेत साधारण दीड वर्षाच्या प्रयोगाला पन्नास लाखांपर्यंत मदत मिळते. अमेरिकेने १९८२ साली कायदा करून आपल्या मोठ्या सरकारी खात्यांच्या संशोधन खर्चातला ठरावीक वाटा छोट्या उद्योगांसाठी राखला होता. आपल्याकडे तशा धर्तीची पहिली योजना २००५ साली आली.

हा पैसा थेट मंत्रालयातून हाती पडत नाही. मध्ये एक केंद्र असते, त्याला इन्क्युबेशन सेंटर म्हणतात, म्हणजे उबवणी केंद्र. (नाव ऐकून कोंबडीचे अंडे आठवते, कल्पना तशी चुकीची नाही.) मुंबईत माटुंग्याची कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था कृषी योजनेचे असे केंद्र चालवते. नावात कापूस आहे म्हणून काजूवाल्याने बिचकू नये. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ पासून व्हेंचर सेंटर आहे आणि ते बायरॅकच्या योजनेचे भागीदार आहे.

हे केंद्र नेमके काय करते? समजा, पोईपच्या एका बागायतदाराने तिथे अर्ज नेला, "बोंडाचे सरबत करणार, शेड आणि मशिनरीसाठी वीस लाख द्या." केंद्रातला माणूस पहिल्या पाच मिनिटांत त्यातली दोन वाक्ये खोडील. बोंडाच्या सरबताची पद्धत कृषी विद्यापीठाने केव्हाच दिलेली आहे, त्यात संशोधन कुठले? आणि जमीन, शेड असल्या गोष्टींना संशोधनाच्या अनुदानात साधारणपणे मान्यता नसते. मग तो उलट विचारील, "तुमची अडचण कुठे आहे?" बागायतदार सांगेल, "साहेब, सकाळी जमवलेली बोंडे कारखान्यापर्यंत जाईतो आंबतात." इथे गाडी रुळावर येते. शीतगृह नसलेल्या वाडीवर बोंड दोन दिवस कसे टिकवायचे, हा झाला प्रश्न. वेंगुर्ला-४ चे लाल बोंड जास्त टिकते की वेंगुर्ला-७ चे पिवळे? किती तासांनी रस आंबतो? टिकवण्याचा खर्च किलोमागे किती? अर्ज मंजूर होतो तो अशा प्रश्नांवर.

पुढे केंद्र टप्पे पाडून देते, म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत काय सिद्ध करायचे, त्याला किती पैसे, कुठल्या प्रयोगशाळेत तपासणी. पैसा हप्त्याहप्त्याने येतो आणि मागचा टप्पा दाखवल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. तज्ज्ञांच्या समितीपुढे बोलण्याची तालीम करून घेतात. कंपनीची नोंदणी, हिशोब तपासनीस, खर्चाचे दाखले यांची वाट दाखवतात. रस आंबला तर अबकारी खात्याचा कायदा लागू होतो, हेही तेच आधी सांगतात. ते आपले आपल्याला सुचत नाही.

अडचण दोन ठिकाणी येते. अर्ज इंग्रजीत असतात आणि पुणे-मुंबई आपल्याला जवळ नाही. त्यासाठी जिल्ह्यातच पहिली पायरी शोधावी. वेंगुर्ल्याचे प्रादेशिक फळ संशोधन केंद्र १९५७ पासूनचे, काजूवर काय झाले आणि काय राहिले हे तिथे कळते. मालवण तालुक्यात किर्लोसला कृषी विज्ञान केंद्र आहे. बांबूचा विषय असेल तर कुडाळचे कोकण बांबू व केन विकास केंद्र आहे. या संस्थांपैकी एकीचे 'आम्ही तपासणीत साथ देऊ' असे पत्र अर्जाला जोडले की त्याचे वजन वाढते.

सरपंच आणि ग्रामसेवकांनीही हे वाचावे. खाडीत खेकड्याचे पिंजरे लावायचे, तर कांदळवनाचे नियम आडवे येतात. सार्वजनिक जागेत प्रयोग करायचा, तर ग्रामसभेचा ठराव लागतो. दाखला आठ दिवस लांबला तर अर्जाची मुदत टळते. बायरॅकच्या 'बिग'चे अर्ज वर्षातून दोनदाच, जानेवारीत आणि जुलैत, निघत आले आहेत.

आणि नोंदीबद्दल. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली आपल्या भातात वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या निवडून लावल्या आणि त्यातून एचएमटी हे वाण निघाले. बियाणे मागेल त्याला वाटले. वाण अनेक राज्यांत पसरले, विकणाऱ्यांनी पैसा केला. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने २००५ साली त्यांचा गौरव केला, पण २०१८ साली ते गेले तेव्हा घरची परिस्थिती बेताचीच होती. माणूस हुशार होता, कष्टाळू होता. पहिल्या हंगामातच अशा एखाद्या केंद्राने हाताशी धरून तारीखवार नोंद आणि हक्काचे कागद करून दिले असते, तर गोष्ट वेगळी झाली असती असे मला वाटते.

एक सावधगिरी. 'तुमचे अनुदान पास करून देतो, दहा टक्के द्या' म्हणणारे एजंट या क्षेत्रातही फिरू लागतील. निवड समिती करते, एजंट नव्हे. टक्केवारी मागितली की चहा पाजा आणि वाटेला लावा.

फेब्रुवारीअखेर बोंडे पडू लागतात. त्याआधी एक वजनकाटा आणि शंभर पानी वही आणून ठेवा. रोज झाडाची जात, उतरवल्याची वेळ, वजन, किती तासांनी वास फिरला, एवढे चारच रकाने भरा. मे महिन्यात ती वही घेऊन वेंगुर्ल्याला किंवा किर्लोसला जा. जुलैचा अर्ज तिच्यावरूनच लिहायचा आहे.