कंपनी १७७२ मध्ये बुडाली असती तर

जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेतील इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे पुण्याहून आगगाडीने निघून ज्या मुंबईत उतरतात, त्या मुंबईत ईस्ट इंडिया कंपनी अद्याप थाटाने नांदत असते. कारण त्या जगात विश्वासरावांना लागावयाची गोळी त्यांना चाटून निघून गेलेली असते, पानिपत मराठ्यांनी जिंकलेले असते, आणि इंग्रजांचा अंमल मुंबईसारख्या मोजक्या ठिकाणांपुरता उरलेला असतो. इतिहासाने एखाद्या वळणावर निराळी वाट धरली असती तर काय झाले असते, या तर्काला कथावाङ्मयात आता एका स्वतंत्र दालनाची प्रतिष्ठा लाभली आहे, आणि स्वतःची फौज व स्वतःचे आरमार बाळगणारी बलाढ्य व्यापारी कंपनी हे त्या दालनातील एक आवडते पात्र आहे. या पात्रासाठी कल्पनेला फारसे कष्ट मात्र पडू नयेत. लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरील एका इमारतीत चोवीस संचालक बसत, चहा, कापड आणि सोरा यांच्या भावांबरोबर तहांचे मसुदे आणि पलटणींच्या मागण्याही तपाशीत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या नावाने हिंदुस्थानात लढणाऱ्या शिपायांची संख्या दोन लाखांच्या आसपास होती, हे सारे प्रत्यक्षात घडून गेलेले आहे.

तेव्हा जर-तर करावयाचेच, तर ते कोठे करावे, एवढाच प्रश्न उरतो. मराठी मन सवयीने पानिपताकडे वळते, क्वचित खडकीकडे आणि अष्टीकडे वळते. मला स्वतःला वाटते, की ही जागा रणांगणावर शोधण्यात आपली थोडी दिशाभूल होते. ती कंपनीच्या जमाखर्चाच्या वहीत, सन १७७२ च्या पानावर आहे.

आरंभी या कंपनीच्या अंगी लष्करी सामर्थ्य म्हणावे असे काही नव्हते. ३१ डिसेंबर १६०० रोजी एलिझाबेथ राणीने दिलेली सनद पूर्वेकडील व्यापाराच्या मक्त्याची होती. दोन वर्षांनी स्थापन झालेल्या डच कंपनीला मात्र किल्ले बांधण्याचा, शिपाई बाळगण्याचा आणि युद्ध व तह करण्याचा अधिकार पहिल्या दिवसापासूनच मिळाला. इंग्रजांना तसा अधिकार १६६१ च्या सनदेने प्राप्त झाला. १६६८ मध्ये वार्षिक दहा पौंड खंडाने मुंबई बेट राजाकडून कंपनीच्या हाती आले, तेव्हा तेथे असलेले राजाचे गोरे शिपाई कंपनीच्या चाकरीत दाखल झाले, आणि मुंबईच्या युरोपीय पलटणीची मुळे तेथवर जातात. पण शिपाई हाताशी असणे निराळे आणि त्यांच्या बळावर मुलूख घेणे निराळे. औरंगजेबाशी युद्ध करण्याची दुर्बुद्धी कंपनीला झाली, तेव्हा १६८९ मध्ये सिद्दी याकूतखानाने मुंबईत उतरून इंग्रजांना किल्ल्यात कोंडले, आणि अखेर दीड लाख रुपये दंड भरून, बादशहाची क्षमा मागून त्यांना आपला व्यापार परत मिळवावा लागला. पुढे १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर त्यांनी चाल केली, ती कान्होजी आंग्र्यांनी दोन्ही वेळा परतवून लावली. ज्या आंग्र्यांना कंपनी एकटी मोडू शकली नाही, त्यांचे विजयदुर्गाचे आरमार १७५६ मध्ये जळाले, ते पेशव्यांनी इंग्रजांचे साहाय्य घेऊन तुळाजीवर मोहीम काढली म्हणून. या प्रकरणी मराठी इतिहासकारांनी पुष्कळ खेद केला आहे, आणि तो यथार्थ आहे.

खरा पालट बंगालमध्ये झाला. प्लासीच्या रणात कंपनीचे सुमारे तीन हजार लोक होते आणि त्यांतील दोनतृतीयांश हिंदी शिपाई होते. लढाईपेक्षा जगतशेठांच्या पेढीवरील मसलत तेथे अधिक निर्णायक ठरली. पण प्लासीपेक्षाही ऑगस्ट १७६५ ची घटना मोठी. त्या महिन्यात शहा आलम बादशहाने बंगाल, बिहार आणि ओरिसा या सुभ्यांची दिवाणी कंपनीला दिली, आणि सालीना सव्वीस लाख रुपयांच्या मोबदल्यात एका व्यापारी पेढीला कोट्यवधी रयतेचा शेतसारा वसूल करण्याचा हक्क प्राप्त झाला. तोपर्यंत इंग्लंडहून चांदी आणून येथील माल विकत घ्यावा लागे. आता येथल्याच सारावसुलीतून माल खरेदी होऊ लागला, आणि त्याच वसुलीतून शिपायांचे पगारही निघू लागले. जिंकलेल्या मुलखाच्या वसुलावर फौज पोसावयाची आणि त्या फौजेने आणखी मुलूख मिळवावयाचा, असे हे चक्र होते.

हे चक्र अखंड फिरले असते तर जर-तरला जागाच उरली नसती. परंतु ते सात वर्षांतच अडले. १७६९-७० च्या दुष्काळाने बंगाल उजाड झाला, फौजेचा खर्च मात्र वाढतच राहिला. कंपनीच्या नोकरांनी खाजगी व्यापारात आणि लाचलुचपतीत मिळवलेली माया विलायतेस पाठवण्यासाठी कंपनीवरच हुंड्या काढल्या, त्या लंडनमध्ये वटवता वटवता संचालक बेजार झाले. वखारींत लक्षावधी रत्तल चहा विक्रीवाचून पडून होता. आणि याच सुमारास, १७७१ मध्ये, भागधारकांना खूष राखण्यासाठी लाभांश साडेबारा टक्क्यांवर नेण्यात आला होता! १७७२ च्या जूनमध्ये लंडनमधील एका पेढीचा भागीदार अलेक्झांडर फोर्डाइस परागंदा झाला, एकामागून एक पेढ्या बसू लागल्या, आणि बंगालचा मुलूख ज्याच्या मुठीत होता तो हा धनी बँक ऑफ इंग्लंडच्या दारात कर्जासाठी उभा राहिला. बँकेने दिले ते पुरेना, तेव्हा सरकारकडे हात पसरणे भाग पडले. १७७३ मध्ये पार्लमेंटने चौदा लाख पौंड कर्ज मंजूर केले, त्याबरोबर रेग्युलेटिंग अॅक्टचा लगाम घातला, आणि साठलेला चहा अमेरिकेत खपावा म्हणून निराळा कायदा केला; तो चहा त्याच वर्षाच्या डिसेंबरात बॉस्टनच्या बंदरात बुडवण्यात आला, हे सर्वश्रुत आहे.

आता याच दोन वर्षांत पुण्यास काय घडत होते ते पाहावे. नोव्हेंबर १७७२ मध्ये थोरले माधवराव थेऊरला निवर्तले, आणि मृत्युसमयी त्यांना दौलतीच्या कर्जाची विवंचना होती. कर्ज ही पेशव्यांच्या घरची जुनीच व्यथा. पहिल्या बाजीरावाने ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेल्या पत्रांत देणेकऱ्यांचा तगादा वारंवार डोकावतो. मराठी फौज सरंजामावर, लुटीवर आणि सावकारांच्या उचलीवर चालत असे, रोजमुरा तुंबणे ही नित्याची गोष्ट होती, आणि तुंबलेल्या पगारासाठी शिपायांनी सरदाराच्या दारी धरणे धरणे हा जणू रिवाजच होता. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांची टोळी शनिवारवाड्यात शिरली, ती थकलेला पगार मागण्याच्या मिषाने. आणि नारायणरावांचा खून झाला. कारस्थान कोणाचे होते याची चर्चा आपण पिढ्यान्‌पिढ्या केली आहे, पण शिपायांनी पगाराची ओरड करीत वाड्यात घुसावे यात कोणालाही वावगे वाटू नये, इतकी ती ओरड सर्वांच्या कानांवरची होती, याकडे तितकेसे लक्ष गेलेले नाही. त्याच उन्हाळ्यात लंडनला कंपनीच्या खजिन्याची तजवीज झाली होती.

यानंतरची कथा त्या दृष्टीने वाचावी. पेशवेपदावर हक्क सांगणारे नारायणरावांचे काका राघोबादादा इंग्रजांकडे गेले आणि मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. अडीच हजार लोकांच्या फौजेसाठी दरमहा दीड लाख रुपये आणि तारण म्हणून सहा लाखांचे जडजवाहीर, अशा त्याच्या अटी होत्या; साष्टी आणि वसई इंग्रजांना देण्याची अट वगळल्यास हा तह कमी आणि भाडेपट्टा अधिक वाटतो. कंपनीची फौज ही कंपनीच्या दुकानातील एक माल झाली होती. पुढे तैनाती फौजेच्या रूपाने हाच सौदा राजारजवाड्यांच्या गळी उतरवण्यात आला, आणि १८०२ च्या अखेरीस वसईस दुसऱ्या बाजीरावाने सहा हजार शिपायांच्या मोबदल्यात सव्वीस लाखांचा मुलूख लिहून दिला, तेव्हा त्या व्यवहाराची शेवटची किंमत वसूल झाली.

वडगावचा प्रसंग आपल्या अभिमानाचा आहे, आणि तो तसा असावाही. सुमारे चार हजार शिपाई, एकोणीस हजार बैल आणि राघोबादादांना घेऊन मुंबईकरांची फौज १७७८ च्या अखेरीस बोरघाट चढली. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला, ज्याला आपल्या लोकांनी ‘इष्टूर फाकडा’ हे नाव दिले आणि ज्याच्या थडग्याला पुढे नवसही बोलले जाऊ लागले. तळेगावहून परतताना तोफा तळ्यात टाकाव्या लागल्या, महादजी शिंदे आणि नाना फडणीस यांनी चोहोकडून कोंडी केली, आणि १६ जानेवारी १७७९ रोजी इंग्रजांनी तह लिहून दिला. इतका निर्विवाद विजय, आणि तरी त्याचे फळ काय? मुंबईकरांनी तह नाकारला, कलकत्त्याने नाकारला, आणि फेब्रुवारीत गॉडर्डची फौज मध्य हिंदुस्थान ओलांडून सुरतेस येऊन ठेपली. ती बंगालच्या वसुलावर पोसलेली होती. पुण्याच्या मुत्सद्द्यांनी जिच्याशी झुंज घेतली ती मुंबईची कौन्सिल सदैव कर्जबाजारी होती; तिच्या पाठीमागचा खजिना मराठी घोड्यांच्या टापेपलीकडे, हुगळीच्या काठी होता.

मग १७७३ मध्ये पार्लमेंटने कर्ज नाकारले असते तर? ही कल्पना अगदीच असंभाव्य नाही. डच कंपनीने बांदा बेटांत जायफळासाठी १६२१ मध्ये भीषण कत्तल केली, जावापासून वेंगुर्ल्यापर्यंत वखारी घातल्या, आणि अखेर कर्जात रुतून १७९९ च्या शेवटच्या दिवशी ती संपुष्टात आली. फौजफाट्याने तिला तारले नाही. इंग्रजांच्या पार्लमेंटातही कंपनीचे शत्रू पुष्कळ होते, बंगालहून गबर होऊन आलेल्या ‘नबाबां’विषयी असूया होती, आणि जिंकलेला मुलूख कंपनीचा नसून राजाचा आहे असे म्हणणारा पक्ष होता. परंतु सभासदांपैकी अनेकांच्या पेटीत कंपनीचे भाग होते, आणि कंपनीबरोबर लंडनची सारी सावकारी बुडेल ही धास्ती होती. कर्ज मिळाले नसते तर इंग्रज गाशा गुंडाळून गेले असते, असे मी म्हणत नाही. बहुधा राजाच्या सरकारने बंगाल आपल्याकडे घेतला असता. पण ते सरकार पुढील दहा वर्षे अमेरिकेत गुंतून पडले, आणि इंग्लंडच्या करदात्याच्या पैशाने पुण्यावर चाल करून जाण्याचा उत्साह त्याला कितपत राहिला असता, याची मला मोठी शंका आहे. अशा वेळी वडगावचा तह टिकला असता, आणि नारळीकरांच्या प्राध्यापकांनी पाहिलेल्या मुंबईसारखी एखादी मुंबई उरली असती. त्यासाठी विश्वासरावांची गोळी चुकण्याची आवश्यकता पडली नसती.

फौजेचे बळ तिच्या नियमित पगारात असते, हे मर्म आपल्या बाजूलाही एका पुरुषाने ओळखले होते. महादजींनी १७८४ मध्ये द ब्वाञ नावाच्या सॅव्हॉयच्या सेनानीला चाकरीस ठेवले आणि कवायती कंपू उभारले, तेव्हा पलटणींचा पगार वेळेवर मिळाला पाहिजे हा त्याचा आग्रह मान्य करून अलीगडकडील जहागीर त्या खर्चास लावून दिली. असईच्या रणात २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीचे दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले, ते या कंपूंच्या पायदळाने आणि तोफखान्याने टिकाव धरला म्हणून. परंतु त्याच वर्षी शिंद्यांच्या चाकरीतील गोऱ्या अंमलदारांनी आपणाकडे यावे असा जाहीरनामा गव्हर्नर जनरलने काढला आणि त्यांच्या चरितार्थाची हमी दिली, तेव्हा त्यांतील अनेक निघून गेले. सेनापती पेरॉनही त्याच सप्टेंबरात बाजूला झाला.

कंपनीचे स्वतःचे लोक या बाबतीत काही कमी काटेकोर नव्हते. क्लाइव्हने १७६६ मध्ये दुहेरी भत्ता बंद केला, तेव्हा बंगालच्या गोऱ्या अंमलदारांनीच बंड केले होते. १८३३ च्या सनदेने कंपनीचा व्यापार पुरता थांबला, तरी भागधारकांना साडेदहा टक्के लाभांश हिंदुस्थानच्या वसुलातून मिळत राहिला; व्यापार नसलेल्या व्यापारी मंडळीची ही स्थिती कोणत्याही काल्पनिक कादंबरीला मागे टाकील अशी आहे. १८५८ मध्ये राज्य राणीच्या हाती गेले आणि कंपनीच्या गोऱ्या पलटणी तिच्या सेनेत वर्ग झाल्या, तेव्हा त्या शिपायांनी नव्या भरतीचा रीतसर इनाम मागितला; तो नाकारताच १८५९ मध्ये ते अडून बसले आणि सुमारे दहा हजार जणांनी नाव कमी करून घेतले. भागधारकांचा हिशोब त्यानंतरही चालूच होता. तो १८७४ मध्ये, दर शंभर पौंडांच्या भागास दोनशे पौंड या भावाने चुकता करण्यात आला, आणि त्याकरिता बाजूस काढलेली रक्कम अपुरी पडली तेव्हा उरलेला बोजा हिंदुस्थानच्या कर्जात जमा झाला.