तुंबलेल्या पाण्याचा हिशोब
पर्जन्यजल वाहिन्यांच्या संगणकीय मॉडेलबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुसळधार पावसात मुंबईच्या सखल भागांत पाणी साचलं की एक प्रश्न हमखास विचारला जातो: एवढे संगणक, एवढी सॉफ्टवेअर हाताशी असताना पाणी तुंबतंच कसं? काहींना मॉडेल म्हणजे सगळं आधीच सांगणारा ज्योतिषी वाटतो, तर काहींना ठेकेदाराच्या सादरीकरणातली रंगीत चित्रं. दोन्ही समजुतींनी शहराचं नुकसान होतं. हायड्रॉलिक मॉडेल म्हणजे पाण्याचा हिशोब. पाऊस किती, तो वाहिनीत किती वेळात पोचतो, पुढे कुठे अडतो, हे त्यात क्षणाक्षणाला मांडलेलं असतं. मात्र आकडे जमिनीवर उतरून मोजलेले असतील तरच हा हिशोब खरा ठरतो.

गैरसमज : पाणी तुंबलं, म्हणजे गटार लहान आहे; मोठं केलं की प्रश्न सुटला.

वस्तुस्थिती : वाहिनीतून किती पाणी जाईल हे तिच्या आकाराइतकंच तिच्या शेवटाकडे काय परिस्थिती आहे यावरही ठरतं. मुंबईच्या वाहिन्या जिथे समुद्राला किंवा खाडीला मिळतात, त्यांतली बहुतेक पातमुखं भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. भरतीच्या वेळी समुद्राचं पाणी उलट आत दाबतं किंवा झडपा बंद कराव्या लागतात. अशा वेळी वाहिनी कितीही रुंद असली, तरी पाणी जाणार कुठे? क्षेत्रफळ, पावसाची तीव्रता आणि जमिनीचा प्रकार यांच्या गुणाकारातून कमाल प्रवाह काढण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकापासून वापरात आहे आणि लहान कामांना आजही पुरते. पण तिला भरती दिसत नाही. फ्रेंच अभियंते सेंट-व्हेनांत यांची १८७१ ची समीकरणं पाण्याची खोली आणि वेग वेळेनुसार कसे बदलतात ते सांगतात आणि संगणक ती जाळ्यातल्या प्रत्येक वाहिनीसाठी काही सेकंदांच्या टप्प्यांनी सोडवतो. म्हणूनच खालून आलेला दाब किती मागे पोचेल हे मॉडेलला सांगता येतं. मुंबईच्या पर्जन्यजल व्यवस्थेवरच्या १९९३ च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने वाहिन्यांची क्षमता तासाला २५ मिलिमीटरवरून ५० मिलिमीटर पावसाइतकी करण्याबरोबरच उदंचन केंद्रंही सुचवली होती, त्यामागचं कारण हेच. हिंदमातासारख्या बशीच्या आकाराच्या भागासाठी भूमिगत टाक्या बांधल्या गेल्या, त्यामागेही हाच विचार आहे. पाणी लगेच बाहेर काढता येत नसेल, तर ओहोटीपर्यंत ते धरून ठेवायचं. अशी टाकी किती मोठी हवी, हे पाण्याची आवक आणि भरतीचं वेळापत्रक एकत्र मांडल्याशिवाय ठरत नाही.

गैरसमज : महागडं सॉफ्टवेअर घेतलं की उत्तर अचूक येतं.

वस्तुस्थिती : या क्षेत्रातली काही उत्तम साधनं फुकट मिळतात. सांडपाणी आणि पर्जन्यजलासाठीचं ‘स्वम’ अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून विकसित केलं आहे, पाणीपुरवठ्यासाठीचं ‘ईपानेट’ही तिचंच. आयआयटी मुंबईने ग्रामीण नळयोजनांच्या आखणीसाठी ‘जलतंत्र’ तयार केलं आहे. खरा खर्च मोजमापाचा आहे. वाहिनीची तळपातळी जुन्या नकाशावरून उचलली आणि प्रत्यक्षात ती अर्धा फूट वर असली, तर सपाट शहरात तेवढ्याने उताराची दिशाच उलटू शकते. वाहिनीचा आतला खडबडीतपणा दुप्पट झाला, तर त्याच उतारावर तिची क्षमता निम्मी होते. व्यास केवळ १० टक्क्यांनी कमी झाला, तरी क्षमता सुमारे पाव भागाने घटते. गाळ, राडारोडा, वाहिनीतून आडव्या गेलेल्या केबल यांच्यामुळे हे आकडे दरवर्षी बदलतात. म्हणून मॉडेलने दाखवलेली पातळी प्रत्यक्ष पावसात मोजलेल्या पातळीशी ताडून पाहावी लागते. हे कॅलिब्रेशन झालं नसेल, तर ते मॉडेल नुसता अंदाजच असतो.

गैरसमज : मॉडेल असूनही पाणी तुंबलं, म्हणजे मॉडेल फसलं.

वस्तुस्थिती : प्रत्येक व्यवस्था एका ठरावीक पावसासाठी बांधलेली असते. तासाला ५० मिलिमीटर म्हणजे एका हेक्टरवर तासाभरात ५०० घनमीटर पाणी. पाऊस याहून जोराचा झाला, तर पाणी रस्त्यावर येणारच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याची सरासरी काढली तर तासाला ३९ मिलिमीटर येतात, म्हणजे ५० च्याही आत! पण तो पाऊस सारखा विभागून पडलाच नव्हता, त्यातला बहुतांश दुपारनंतरच्या काही तासांत कोसळला. दिवसाची बेरीज किती फसवी असते आणि तासातासाचा, किंबहुना मिनिटामिनिटाचा हिशोब का हवा, हे या एका उदाहरणावरून कळतं. अशा पावसात मॉडेल पूर थांबवू शकत नाही. पाणी कोणत्या रस्त्यांवर किती चढेल, रुग्णवाहिका कुठून न्यावी आणि कोणती वस्ती आधी हलवावी, एवढं मात्र ते सांगू शकतं. २०२० मध्ये मुंबईसाठी सुरू झालेली ‘आयफ्लोज’ ही पूर-इशारा प्रणाली याच उद्देशाने उभी राहिली. पावसाचा अंदाज चुकला तर पुढचं उत्तरही चुकणार, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच एका अंदाजावर न थांबता अनेक शक्यता तपासायच्या असतात आणि त्यातल्या सर्वांत वाईट शक्यतेची तयारी ठेवायची असते.

गैरसमज : वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला सगळं ठाऊक असतं, मॉडेलची गरज नाही.

वस्तुस्थिती : कोणता व्हॉल्व्ह किती आटे उघडला की कोणत्या गल्लीत पाणी चढतं, हे पाणीपुरवठ्याच्या चावीवाल्याला खरोखरच ठाऊक असतं. मुकादमालाही कोणतं मॅनहोल आधी उसळतं ते माहीत असतं. हे ज्ञान अमूल्य आहे आणि मॉडेल तपासताना सर्वांत आधी त्यांनाच विचारायला हवं. पण हे ज्ञान आजच्या जाळ्याचं असतं. नाल्यात उद्या पुलाचा खांब उभा राहिला किंवा चाळीच्या जागी चाळीस मजली इमारत आली, तर काय होईल हे अनुभवावरून सांगणं अवघड असतं. एकमेकींना वेढे घालून जोडलेल्या जलवाहिन्यांत एका टोकाचा बदल भलत्याच टोकाला जाणवतो. हा गुंता हाताने सोडवण्याची रीत अमेरिकी अभियंते हार्डी क्रॉस यांनी १९३६ मध्ये दिली आणि आज तेच काम संगणक क्षणात करतो. शिवाय जाणकार माणूस निवृत्त झाला की त्याच्याबरोबर शहराची स्मृतीही जाते. मॉडेलमध्ये नोंदवली तर ती टिकते.

लहान नगरपरिषदांना हे परवडेल का, असाही आक्षेप घेतला जातो. पण आपल्या वाहिन्या कुठे, किती खोल आणि कोणत्या अवस्थेत आहेत, हे दुरुस्तीसाठीही माहीत असावंच लागतं. ते एकदा मोजलं की मॉडेल उभं करण्याचा पुढचा खर्च त्यामानाने थोडा. उलट, न मोजता घातलेली चुकीची वाहिनी पुढची पन्नास वर्षं त्रास देते. म्हणून कोणत्याही नव्या गटार योजनेपुढे नागरिकांनी आणि नगरसेवकांनी तीन प्रश्न विचारायला हवेत: कोणता पाऊस धरला, भरतीची किंवा नदीची कोणती पातळी धरली आणि वाहिन्या शेवटच्या केव्हा मोजल्या? उत्तरं ठेकेदाराच्या संगणकात न राहता सर्वांना वाचता येतील अशी मांडलेली हवीत, कारण चुकीच्या हिशोबाचं पाणी शेवटी लोकांच्याच घरात शिरतं.